उपाशी माशीचे गणित

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी, माझ्या मुलीच्या परसदारी, कुंपणाच्या पूर्वेकडे तोंड असलेल्या फळीवर, एक लहानशी लाकडी पेटी टांगलेली आहे. तिच्यात जाड कागदाच्या बावीस नळ्या आडव्या रचलेल्या आहेत. प्रत्येक नळी वीतभर लांबीची, आठ मिलिमीटर रुंदीची, मागच्या टोकाला बंद आणि पुढच्या टोकाला उघडी. यंदाच्या मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले, तेव्हा पहिले दोन दिवस मला ती पेटी म्हणजे नातीच्या शाळेतला एखादा प्रकल्प असावा असे वाटले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पेटीवर आले आणि गडद निळ्या, जवळजवळ काळसर धातूच्या रंगाची एक माशी सातव्या नळीतून डोके बाहेर काढून बराच वेळ तशीच बसून राहिली. नात म्हणाली, "आजी, ती गरम होतेय. गरम झाल्याशिवाय तिला उडता येत नाही."

मी एकतीस वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर मोजण्यासारखे फारसे काही उरत नाही, आणि अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आमच्या वयाच्या माणसांना तर दुपार मोजण्यापलीकडे उद्योगच नसतो. म्हणून मी एक वही घेतली, पेटीसमोर खुर्ची टाकली आणि सात नंबरच्या नळीतली माशी किती वेळा बाहेर जाते आणि किती वेळाने परत येते, ते लिहू लागले.

मधमाशीच्याच गोतावळ्यातल्या या माशीला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा अर्थ फळबागेतली निळी माशी असा होतो, आणि तिच्या कुळाला गवंडी म्हणतात. शास्त्रीय नाव ऑस्मिया लिग्नेरिया. ती मूळची उत्तर अमेरिकेची आहे, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण मधमाशी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जी येते, ती पोळ्यातली, मध साठवणारी माशी अमेरिकेची नाहीच. युरोपीय वसाहतवाल्यांनी ती १६२२ मध्ये जहाजातून व्हर्जिनियात आणली. त्यापूर्वी या खंडावर ज्या माश्या फुलांचे काम करीत होत्या, त्यांच्या सुमारे चार हजार जाती आहेत, एकट्या कॅलिफोर्नियात सोळाशेच्या आसपास, आणि त्यांतील बहुतेक एकट्या राहतात. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, पोळे नाही, मधाचा साठा नाही. प्रत्येक मादी स्वतःच राणी आणि स्वतःच मोलकरीण.

गवंडी माशीचे प्रौढ आयुष्य वसंतातले चार ते सहा आठवडे. तेवढ्यात तिला किड्यांनी पोखरलेल्या लाकडातले भोक किंवा पोकळ बोरू, किंवा माझ्या मुलीने विकत आणलेली कागदी नळी शोधायची असते; ओली माती जबड्यात धरून आणून तळाशी भिंत घालायची असते; मग पराग आणि थोडा मकरंद यांचा वाटाण्याएवढा गोळा जमवायचा, त्यावर एक अंडे घालायचे आणि पुन्हा मातीची भिंत. एक खोली झाली. मग दुसरी. चांगल्या उन्हाच्या दिवशी तिची एक खोली पुरी होते. पराग ती पायांवरच्या टोपलीत भरत नाही, पोटाखालच्या केसांवर कोरडाच घासून आणते, त्यामुळे परतताना तिचे पोट हळद लागल्यासारखे पिवळे दिसते. एका खोलीसाठी माझ्या वहीत सरासरी तेवीस फेऱ्यांची नोंद आहे.

मला सर्वांत नवल वाटले ते खोल्यांच्या क्रमाचे. अंड्याचे फलन करायचे की नाही, हे माशी अंडे घालताना ठरवते. फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. नळीच्या आतल्या टोकाच्या खोल्या मुलींच्या आणि तोंडाजवळच्या मुलांच्या. मुलीचा देह मोठा, म्हणून तिच्या खोलीतला परागाचा गोळाही मोठा, म्हणजे फेऱ्याही अधिक. आसपास फुले कमी असतील, तर आई मुलींची संख्या कमी करते आणि कमी खर्चाचे मुलगे वाढवते. ज्या प्रदेशातून मी आले आहे, तिथे मुली कमी होण्याची कारणे वेगळी आणि लाजिरवाणी आहेत. इथे तो एका आईने आपल्या ताकदीचा मांडलेला साधा ताळेबंद आहे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस पाऊस झाला. शेजारच्या आवारातल्या शोभेच्या प्लमचा बहर त्या पावसात गळून रस्त्यावर पडला आणि सफाईच्या गाडीने उचलून नेला. पाऊस थांबल्यावर सात नंबरची पुन्हा कामाला लागली, पण वहीतले आकडे बदलले. आधी एक फेरी दहा-बारा मिनिटांत होत असे, ती आता बावीस, पंचवीस, एकदा तर एकेचाळीस मिनिटांवर गेली. ती कुठे जात होती, ते मला दिसत नव्हते. मी संध्याकाळी फिरायला निघाल्यावर तिच्या बाजूने पाहू लागले. घरांपुढे कातरलेली हिरवळ; पाणी वाचवणाऱ्या शहाण्या लोकांच्या घरांपुढे नुसती खडी; मधूनमधून नर्सरीतून आणलेली, पाकळ्यांवर पाकळ्या असलेली आणि पराग जवळजवळ नसलेली फुले. एका वळणावर रेडबडचे एकच झाड, खोडापर्यंत जांभळट गुलाबी फुललेले, आणि त्यावर गर्दी. अशी माशी साधारणपणे आपल्या घरापासून शे-दोनशे मीटरच्या आतच चारा शोधणे पसंत करते. तेवढ्या परिघात तिला जे मिळेल, ते तिचे जग.

शहराबाहेर गेले की बदामाच्या बागा लागतात. कॅलिफोर्नियात बदामाखाली दहा लाख एकरांहून अधिक जमीन आहे आणि जगातल्या बदामांपैकी सुमारे चार पंचमांश इथून जातात. फेब्रुवारीत दोन-तीन आठवडे सगळा प्रदेश पांढरा होतो, त्या बहरासाठी देशभरातून ट्रकमधून पाळीव मधमाश्यांच्या पेट्या आणतात, आणि बहर सरला की तिथे एका माशीलाही पुरेल असे काही उरत नाही. बदाम यंत्राने झाड हलवून जमिनीवर पाडतात आणि झाडून गोळा करतात, म्हणून बागेची जमीन स्वच्छ ठेवावी लागते. स्वच्छ म्हणजे बिनगवताची, बिनतणाची, बिनफुलांची. निसर्गलेखक जॉन म्यूर १८६८ च्या वसंतात याच मोठ्या खोऱ्यातून पायी गेला, तेव्हा पाऊल टाकील तिथे फुलेच तुडवावी लागत होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. हे वाचून मला फार हळवे व्हायचे नाही. शेती झाली नसती, तर माझी मुलगी आणि तिचे विद्यापीठही इथे नसते. पण माशीच्या चार आठवड्यांच्या आयुष्यात चार दिवस पावसाने जातात आणि उरलेल्या दिवसांत चारा दुप्पट लांब जातो, तेव्हा किती खोल्या कमी होतात, हे काढायला सातवीचे त्रैराशिक पुरते.

एप्रिलच्या सुरुवातीला मी गॅरेजमध्ये कात्री शोधत होते. मागच्या फळीवर, रंगाच्या डब्यांशेजारी, गुलाबांसाठीच्या औषधाची अर्धी बाटली होती. जावई म्हणाले, ती आधीपासून पडून आहे, दोन वर्षांपूर्वी गुलाबांवर मावा पडला तेव्हा मुळाशी ओतली होती, एकदाच. मी चष्मा लावून मागचा बारीक मजकूर वाचला. घटक: इमिडाक्लोप्रिड.

हे नाव मला पाठ आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घरी, धान्याच्या कोठीत, वरच्या फळीवर ते असते. कपाशीवर मावा आणि तुडतुडे आले की दीर ज्या बाटल्या आणतात, त्यांतल्या एकीवर ते लिहिलेले असते, पुढे १७.८ टक्के. सरकीच्या पाकिटातले बियाणे ज्या रंगीत लेपात न्हालेले येते, त्या लेपातही बहुधा तेच असते. सात समुद्र ओलांडून मुलीच्या गॅरेजमध्ये माहेरचे कोणी भेटावे, तसे ते भेटले.

इमिडाक्लोप्रिड निओनिकोटिनॉइड गटातले कीटकनाशक आहे आणि ते १९९० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते पानावर नुसते बसून राहत नाही. मुळांतून शोषले जाऊन झाडाच्या सगळ्या अंगात जाते, रस शोषणाऱ्या किडीपर्यंत पोहोचते, आणि त्याच वाटेने फुलातल्या मकरंदात आणि परागातही उतरते. मातीत ते महिनोन्महिने, कधी त्याहूनही अधिक काळ टिकते. कीटकाच्या मज्जातंतूंत निरोप पोहोचवणाऱ्या ज्या जागा असतात, तिथे ते जाऊन बसते. मात्रा मोठी असली तर माशी मरते. मात्रा बारीक असली तर माशी मरत नाही. ती मंदावते, वाट लक्षात ठेवण्यात चुकते, फुलावर कमी वेळा जाते. आणि मग मला आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जिने त्या रात्री माझी झोप उडवली. पावसानंतर परसात ओली माती फक्त एका ठिकाणी राहत होती: ठिबकची नळी जिथे गळते तिथे, गुलाबांच्या वाफ्यात. भिंतींसाठी सात नंबरची माती तिथूनच उचलत होती. मी स्वतः तिला तिथे उतरताना पाहिले होते. या जातीच्या माशीला असे औषध दूषित मातीच्या स्पर्शातूनही बाधते आणि तिचे घरटे बांधणे विस्कटते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. दोन वर्षांपूर्वी ओतलेल्या औषधातले त्या मातीत किती उरले असेल, हे कळण्याचा मार्ग माझ्यापाशी नव्हता. मी ठिबकची गळती कुंपणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात वळवली, एवढेच.

आणि याच गावात, मुलीच्या घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर, भूक आणि विष एकत्र आले तर माशीचे काय होते, नेमका हाच प्रश्न कोणीतरी आधी विचारलेला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारातील क्लारा स्टुलिग्रॉस आणि नील विल्यम्स या संशोधकांनी जाळीचे मोठे पिंजरे उभारले, आत रानफुले लावली, आणि प्रत्येक पिंजऱ्यात निळ्या गवंडी माश्या सोडल्या. काही पिंजऱ्यांत फुले दाट होती, काहींत विरळ. काहींच्या मातीत शेतकरी वापरतात त्या प्रमाणात इमिडाक्लोप्रिड घातलेले होते, काहींत नव्हते. असे चार प्रकारचे संसार झाले: भरपूर अन्न आणि विष नाही; भरपूर अन्न आणि विष; अपुरे अन्न आणि विष नाही; अपुरे अन्न आणि विषही. प्रयोगाची मांडणी इतकी स्वच्छ आहे की ती मी फळ्यावर चार चौकोन काढून सातवीच्या वर्गाला समजावू शकले असते. निष्कर्ष २०२० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आले. शेवटच्या चौकोनातल्या माश्यांची प्रजा पहिल्या चौकोनाच्या मानाने ५७ टक्क्यांनी घटली. दोहोंपैकी औषधाचा हात जड होता. औषध असलेल्या पिंजऱ्यांतल्या माश्यांनी घरटी बांधायला साडेतीन दिवसांहून अधिक उशीर केला. महिनाभराच्या आयुष्यात साडेतीन दिवस म्हणजे माणसाच्या हिशेबाने आठ-नऊ वर्षे. औषध नसलेल्या घरट्यांपैकी ९२ टक्क्यांत निदान एक तरी मुलगी निपजली. औषध असलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले.

या निष्कर्षातला एक शब्द मला गणिताची बाई म्हणून विशेष भावला. भूक आणि विष एकत्र आल्यावर त्यांचे परिणाम एकमेकांना वाढवतात का, म्हणजे दोघे मिळून आपल्या बेरजेपेक्षा अधिक नुकसान करतात का, असा प्रश्न होता. उत्तर आले की तसे नाही. इथे साधी बेरीज होते. पाळीव मधमाश्यांवर इटली आणि कॅलिफोर्नियातील अभ्यासकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या प्रयोगात मात्र उलट दिसले होते: अपुरी साखर आणि निओनिकोटिनॉइड एकत्र आल्यावर माश्या जगण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले, आणि ती घट दोन्ही कारणांच्या बेरजेहून मोठी होती. आता कोणी म्हणेल, रानमाशीच्या बाबतीत नुसती बेरीजच आहे, म्हणजे थोडे बरे. वर्गातली हुशार मुलेही इथेच फसत. समजा, शंभर पिल्ले व्हायची तिथे भुकेने वीस गेली आणि विषाने तीस गेली, तर बेरजेने पन्नास गेली. हे आकडे माझे, केवळ उदाहरणासाठी. भूक वेगळी तपासणारा म्हणेल, वीसच गेली, चालेल. विष वेगळे तपासणारा म्हणेल, तीसच गेली, सोसेल. दोघांचे अहवाल खरे, दोघांची सही खरी, आणि पन्नास पिल्ले गेली ती गेलीच. बेरीज करायला कोणालाच नेमलेले नसते.

मला हसू आले ते वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे फवारणीच्या हंगामात कृषी खात्याची जी पत्रके येतात, सुरक्षित फवारणीच्या सूचनांची, त्यांत हातमोजे, तोंडाला कापड, वाऱ्याच्या दिशेला पाठ यांच्याबरोबर एक ओळ हमखास असते: उपाशीपोटी फवारणी करू नये. म्हणजे रिकाम्या पोटी विष वेगळे लागते, हे आपल्याला माहीत नाही असे नाही. ते छापून, घडी घालून, गावोगाव वाटण्याइतके माहीत आहे. पण माशीची चाचणी घ्यायची वेळ आली की जगभर रूढ असलेली पद्धत अशी: पाळीव मधमाशी घ्यायची, प्रयोगशाळेत साखरेचे पाणी मुबलक द्यायचे, मग औषधाची मात्रा द्यायची आणि एक-दोन दिवसांत किती मेल्या ते मोजायचे. माशी भरल्या पोटाची, पोळ्यात हजारोंनी असणाऱ्या जातीची, आणि मोजायचे काय, तर प्रेते. गवंडी माशी यातल्या कशातच बसत नाही. पोळ्यातली एक कामकरी माशी वाट चुकली तर उरलेल्या हजारो तिची उणीव भरून काढतात. सात नंबरची वाट चुकली, तर सातवी नळी तिथेच थांबली. शिवाय तिचे नुकसान प्रेताच्या रूपात समोर येत नाही. ते न घातलेल्या अंड्याच्या, न बांधलेल्या खोलीच्या रूपात असते, आणि न झालेली गोष्ट मोजायची तर आधी ती किती व्हायला हवी होती, हे ठाऊक असावे लागते.

त्याच दोघांनी पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, आणखी एक काम प्रसिद्ध केले, जे मला पहिल्यापेक्षाही अस्वस्थ करते. ज्या माशीने अळी असताना विष मिसळलेला पराग खाल्ला, ती मोठी झाल्यावर संपूर्ण स्वच्छ फुलांत वावरली, तरी तिची प्रजा २० टक्क्यांनी कमी भरली. दोन्ही वर्षी विषाचा संबंध आला, तर ४४ टक्क्यांनी. आईच्या वसंतातला हिशेब मुलीच्या वसंतात चुकवावा लागतो. या माश्यांची वर्षातून एकच पिढी होते. अळी उन्हाळ्यात कोश विणते, शरदात त्यातच पूर्ण माशी होते आणि सगळा हिवाळा अंधारात वाट पाहत झोपते. बाहेर येते तेव्हा तिला मागचे वर्ष आठवत नसेल, पण तिच्या शरीराला ते आठवत असते.

रविवारी मी दिरांना फोन केला. तिकडे पहाट होती. मी विचारले, भाऊजी, आपल्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आता काय काय उगवते? ते म्हणाले, "वहिनी, धुरा राहिलाच कुठं आता? दोन तासं अजून बसली तिथं पऱ्हाटीची. आन् जे उगवते ते औषधानं जाळून टाकतो, निंदणाला बाई भेटत नाही." मी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा आमच्या वावराचा धुरा बैलगाडी जाईल एवढा रुंद होता. त्यावर बोरी, बाभळी, एक पळस, पावसाळ्यात तरोटा आणि नाव माहीत नसलेले कितीतरी गवत. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुरीच्या ओळी, कडेने अंबाडी, मध्ये कुठे तीळ. रब्बीत करडई आणि जवस. एक संपले की दुसरे फुलत असे, आणि हे कोणी माशीसाठी ठरवलेले नव्हते. घरात तेल, भाजी, दोर सगळेच लागत असल्यामुळे ते आपोआप जमून आले होते. सासऱ्यांच्या काळातही फवारणी होतीच; त्या विषांचे वास मला अजून आठवतात, आणि ती आजच्यापेक्षा सौम्य होती असे मी अजिबात म्हणणार नाही. पण तेव्हाच्या माशीपाशी धुरा होता. आता विष उरले आणि जेवण गेले.

भाऊजींना मी दोष देत नाही. मजुरीचा, सरकीचा, कर्जाचा हिशेब त्यांना करावा लागतो, मला नाही. आणि आमच्या जिल्ह्याला एकत्र आलेल्या गोष्टींचा अर्थ कोणी शिकवण्याची गरज नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो इस्पितळांत भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली होती, फवारा अंगावर येत होता, एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली होती, अंगावर संरक्षणाचे काही नव्हते आणि हवा दमट होती. यातले प्रत्येक कारण एकेकटे असते, तर कदाचित इतकी माणसे गेली नसती. नंतर चर्चा झाली ती मात्र कोणते एक औषध दोषी, याचीच.

युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइडांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. कॅलिफोर्नियाने २०२४ पासून पिकांवरच्या वापराला, विशेषतः बहराच्या काळात, मर्यादा घातल्या आणि १ जानेवारी २०२५ पासून घरगुती बागांसाठी अशा औषधांची सर्वसाधारण ग्राहकांना विक्री थांबवली. गॅरेजमधली बाटली त्यामुळे आता नव्याने मिळणार नाही. ती मुलीने घातक कचऱ्याच्या संकलनात नेऊन दिली. हे सगळे चांगलेच आहे. तरीही मला वाटते, की कायद्याला बंदी घालणे सोपे जाते आणि जेवण वाढणे अवघड. विष ही एक वस्तू आहे, तिला नाव आहे, टक्केवारी आहे, तिच्यावर शिक्का मारता येतो. भुकेला नाव नसते. ती कातरलेल्या हिरवळीत, झाडून घेतलेल्या बागेत आणि नांगरलेल्या धुऱ्यात वाटली गेलेली असते, आणि यातले एकेक कृत्य नेटके, मेहनती माणूस करतो. जनजागृतीवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्याकडे मधमाशी वाचवा म्हटले की मधाच्या पेट्या वाटतात. पेट्यांना माझा विरोध नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण भारतातल्या माश्यांच्या सातशेहून अधिक जातींपैकी मध देणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि जिथे मुळात चारा कमी, तिथे आणखी दहा हजार तोंडे नेऊन ठेवल्याने बाकीच्यांचे काय होत असेल, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचारत नाही.

सात नंबरची नळी २३ एप्रिलला बंद झाली. तोंडाशी तिने मातीचा जाड लेप दिला, त्यावर दोन-तीन वेळा डोके आपटून पाहिले, आणि ती गेली. मे महिन्यात मी परत आले.

ऑक्टोबरमध्ये मुलीने आणि नातीने कागदी नळ्या उकलल्या आणि मला फोटो पाठवले. बावीसपैकी नऊ भरल्या होत्या. सातव्या नळीत सहा खोल्या: सर्वांत आतल्या दोन कोशांचा आकार मोठा, पुढच्या तिघांचा लहान, आणि मधल्या एका खोलीत परागाचा वाळलेला गोळा, अंडे किंवा अळी काहीच नाही. नातीने विचारले, "आजी, दोन मुली म्हणजे चांगलं की वाईट?" मी तिला कळवले की एका नळीवरून असे काही सांगता येत नाही, तेवढ्यासाठी पिंजरे लागतात, दाट आणि विरळ फुले लागतात, औषध असलेली आणि नसलेली माती लागते. ते खरे होते. तरी मी वहीत सातव्या नळीसमोर दोन आणि तीन असे लिहिले, आणि मधल्या खोलीसाठी काय लिहावे ते न सुचल्याने जागा कोरी सोडली.

दिवाळीला गावी गेले. आमच्या कोठीच्या दाराला सासऱ्यांच्या वेळचे जड अलिगढी कुलूप आहे. पूर्वी दर पावसाळ्यानंतर एक माशी त्याच्या किल्लीच्या भोकात गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून आणून भरत असे, आणि सासरे आम्हाला ते काढू देत नसत. कोठी उघडायची तर कडीच बाजूने उचकटावी लागे आणि सासूबाई त्यावरून दरवर्षी बोलत. यंदा मी कुलपापाशी मुद्दाम वाकून पाहिले, आणि मग किल्ली लावली. ती सरळ आत गेली.